‘अंतिम सितारा’ डब्ल्यूजी मॉडेल : बाहेरून एक नंबर, कॅबमध्ये शून्य

ज्यांना फक्त घ्यावं की नाही एवढंच पाहिजे त्यांनी इथेच वाचा आणि सोडून द्या. वाफेच्या इंजिनाचं हे मॉडेल शोकेसमध्ये ठेवायला, पाहुण्यांना दाखवायला, घरात कोणी रेल्वेतून रिटायर झालं असेल तर त्यांना गिफ्ट द्यायला चांगलं आहे, घ्या. पण घरातला तो माणूस स्टीमवर काम केलेला असेल तर जरा थांबा, कारण तो पहिल्या पाच मिनिटांत यातल्या इतक्या गोष्टी काढेल की तुम्हाला वाटेल पैसे कुठे घातले. आमच्याकडे तेच झालं. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार, मामाकडून दोन, आणि ते दोनही चाकांचे.

तर वस्तू काय आहे ते सांगतो. डब्ल्यूजी क्लासचं वाफेचं इंजिन, टेंडरसकट (मागचा कोळसा-पाण्याचा डबा), 1:48 स्केलमध्ये, म्हणजे दीड फुटाच्या थोडं वर लांबी. बॉयलर आणि कॅब (ड्रायव्हर-फायरमनची खोली) रेझिनची, रॉड आणि चाकं धातूची, खाली लाकडी पाटावर रुळाचा तुकडा. चालत नाही, नुसतं ठेवायचं, पण हाताने ढकललं तर चाकं आणि रॉड फिरतात. बनवणारे छोटे लोक आहेत, फोटो टाकून मेसेजवर ऑर्डर घेतात, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं तशी चांगली वाटली. किंमत साडेअकरा हजार, शेडचा कोड (इंजिन कुठल्या शेडचं ते सांगणारी अक्षरं) पाहिजे असेल तर वरून पाचशे, ‘वापरलेलं’ फिनिश पाहिजे असेल तर अजून हजार. मी कोड घेतला, कारण भुसावळचा माणूस ‘बीएसएल’ लिहिलेलं इंजिन सोडून दुसरं कोणतं घरात ठेवणार. हा काही इतिहास नाही, हौस आहे.

पॅकिंग जबरदस्त. डब्यात डबा, आत कापलेला फोम, टेंडर वेगळं, पाट वेगळा. तरी एका बाजूचा हँडरेल वाकलेला आला, फोटो पाठवला तर काही न विचारता नवीन पाठवला आणि चिकटवायचं गोंद पण सोबत. सर्व्हिसला फुल मार्क, त्यात काही बोलायला जागा नाही.

आता दिसायला. खरं सांगतो, उघडल्यावर घरातले सगळे गप्प झाले, इतकं देखणं आहे. डब्ल्यूजी म्हणजे मालगाडीचं इंजिन, पुढे दोन छोटी चाकं, मग आठ मोठी, मागे दोन, आणि ती आठ चाकं एका ओळीत रॉडने जोडलेली बघितली की कळतं की हे पळायला नाही, ओढायला बनवलंय. याचं भावंड डब्ल्यूपी, ते पॅसेंजर-मेलचं, पुढे गोळीसारखं नाक आणि त्यावर चांदणी, त्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत, सिनेमात पण तेच. डब्ल्यूजीला कोणी विचारत नाही. आणि मालाची इंजिनं म्हणाल तर देशभर हीच जास्त, 1950 ते 1970 या वीस वर्षांत 2450 बनली, डब्ल्यूपी 755. म्हणून यांनी डब्ल्यूजी निवडलं त्याबद्दलच मी अर्धा स्टार जास्त दिलाय. सपाट तोंड, वर दिवा, लांबलचक बॉयलर, बाजूला वॉलशर्ट्स गियरच्या, म्हणजे पिस्टनला वाफ कधी सोडायची ते ठरवणाऱ्या, सगळ्या काड्या एकेक वेगळी बनवलेली, पिस्टन रॉड आत-बाहेर होतो, क्रॉसहेड सरकतो. एका बाजूने हळू ढकललं आणि डोळे त्या रॉडवर ठेवले तर पाच-दहा मिनिटं अशीच जातात.

आता भांडण सुरू होतं ते नंबरापासून. यांनी नंबर टाकलाय 10560 आणि खाली पितळी पट्टीवर ‘अंतिम सितारा – भारताचं शेवटचं वाफेचं इंजिन, 1970’. यातला नंबर आणि नाव बरोबर आहे. चित्तरंजनच्या कारखान्यातून जून 1970 मध्ये जे शेवटचं ब्रॉडगेज स्टीम इंजिन निघालं ते डब्ल्यूजी 10560, नाव अंतिम सितारा. पहिलं निघालं होतं 8401, ते 1950 च्या 1 नोव्हेंबरला, नाव देशबंधू, चित्तरंजन दासांवरून, तेही डब्ल्यूजीच. पण ‘भारताचं शेवटचं’ हे साफ चूक. एक तर ब्रॉडगेज म्हणा. मीटरगेजची वायजी क्लासची वाफेची इंजिनं त्याच कारखान्यात 1972 पर्यंत बनत होती. निलगिरीच्या डोंगरातल्या गाडीसाठी तर गोल्डन रॉक वर्कशॉपने त्याच्या कितीतरी वर्षांनी नवीन वाफेची इंजिनं बनवली, ती तेलावर चालणारी. आणि शेवटचं बनलं म्हणजे शेवटचं चाललं असं थोडंच असतं? ब्रॉडगेजवर रोजच्या गाडीला लागलेलं शेवटचं स्टीम इंजिन म्हणून जे धरतात ते डब्ल्यूएल क्लासचं 15005, शेर-ए-पंजाब, 6 डिसेंबर 1995, फिरोजपूर-जालंधर मार्गावर. म्हणजे अंतिम सितारा कारखान्यातून बाहेर पडला त्यानंतर पंचवीस वर्ष देशात ब्रॉडगेजवर धूर निघत होता. मीटरगेजवर तर नव्वदचं दशक संपत येईपर्यंत, वांकानेर-मोरबीसारख्या लाईनींवर.

मी हे त्यांना लिहून पाठवलं. उत्तर आलं ‘सर बहुतेक कस्टमरला एवढं लागत नाही’. मला हे पटत नाही. साडेअकरा हजार देणारा माणूस हौशीच असणार ना, रस्त्याने जाणारा कोण घेतो हे.

आणि त्या पंचवीस वर्षांतच खरी मजा आहे, म्हणजे मजा कसली. 1960-61 मध्ये आपल्या रेल्वेकडे 10,312 वाफेची इंजिनं होती, तो जवळजवळ सगळ्यात वरचा काळ. 1980-81 ला पण 7,469 होती. पुढच्या दहा वर्षांत 1990-91 ला 2,915 वर आली. म्हणजे उतार खरा लागला तो ऐंशीच्या दशकात. इंग्रजांनी त्यांच्या मेन लाईनवरचं स्टीम ऑगस्ट 1968 मध्ये बंद केलं, आपण त्यानंतरही दोन वर्ष ब्रॉडगेजची नवीकोरी बनवत बसलो होतो, याला काही लोक हसतात. हसण्यासारखं नाही त्यात. कोळसा घरचा होता, डिझेल बाहेरून येणार, परकीय चलन जाणार, 1973 नंतर तेल भडकलं ते वेगळंच. माणसं शिकलेली होती, शेड उभे होते. तोटे पण सगळ्यांना माहीत होते, कोळशातली जेमतेम सहा-सात टक्के ताकद चाकापर्यंत पोचते, बाकी चिमणीतून वर, आणि आपल्या कोळशात राख भरपूर. डब्ल्यूडीएम-2 डिझेल 2600 हॉर्सपॉवरचं, चावी दिली की तयार, स्टीमला आग लावून वाफ धरायलाच कित्येक तास. फैसला लागणार होताच, फक्त आपल्याकडे तो हळू लागला.

खान्देशात तर तो तुकड्या-तुकड्याने लागला आणि हेच या मॉडेलवाल्यांना कळायला पाहिजे होतं. मुंबईहून विजेची तार इगतपुरीपर्यंत 1930 मध्येच आली होती, डीसीची. म्हणजे घाट चढून गाडी इगतपुरीला आली की पुढे भुसावळपर्यंत काळं इंजिन. मग साठच्या दशकाच्या शेवटी इगतपुरी-भुसावळ एसीची तार आली, भुसावळला इलेक्ट्रिक लोको शेड झालं, आणि एकाच गावात दोन जमाती तयार झाल्या, वायरवाले आणि कोळशावाले. कारण भुसावळच्या पुढे खंडव्याकडे, बडनेऱ्याकडे तार यायला अजून कितीतरी वर्ष होती, आणि खाली सुरत लाईन, जिला जुने लोक अजून टॅप्टी व्हॅली म्हणतात, तिथे तर तार फारच उशिरा आली. आम्ही लहान असताना यार्डात एकीकडे हिरवी-पिवळी इलेक्ट्रिक आणि एकीकडे शंटिंगला धापा टाकणारं डब्ल्यूजी, हे दोन्ही एकाच पुलावरून दिसायचं. रावेर-सावद्याची केळी दिल्लीकडे जायची त्या वाघिणींच्या मागेपुढे पण हेच.

बरं मामाकडे येतो. मामा आमचा स्टीमवर खलाशी (शेडमधला हाताखालचा माणूस) लागला, मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन (आग सांभाळणारा), शंटर (यार्डात इंजिन हलवणारा), आणि तिकडून वरची पायरी चढायच्या वेळेला स्टीमच संपत आलं म्हणून इलेक्ट्रिकला असिस्टंट म्हणून कन्व्हर्ट झाला. असे भुसावळमध्ये घरटी एक. हिवाळ्यात भरीत पार्टीला सगळे जमले होते तेव्हा मी मोठ्या कौतुकाने मॉडेल पुढे ठेवलं. बाकीचे वा वा करत होते. मामाने चष्मा लावला, पुढून नाही बघितलं, बाजूने नाही बघितलं, सरळ मागून कॅबमध्ये डोकावला.

‘अरे भाच्या, याच्यात आग कुठून टाकाची?’

फायरहोलचं, म्हणजे कोळसा टाकायच्या तोंडाचं, दार नुसतं रंगवलेलं आहे. उघडायचं राहू द्या, उठावसुद्धा नाही, एक काळा गोल. रेग्युलेटरचा, म्हणजे वाफ सोडायचा, दांडा नाही. इंजेक्टरची, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी घालायची, चाकं नाहीत. गेज ग्लास नाहीत, आणि मामा म्हणे हे नसेल तर मंग मी मेलोच की. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या म्हणजे गेज ग्लास. फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, डोक्यावर कायम पाणी पाहिजे. ते खाली गेलं की वरचा पत्रा उघडा पडतो, लाल होतो, तिथे शिशाचा प्लग बसवलेला असतो तो वितळतो आणि वाफ आत घुसून आग विझवते, नाही विझली तर बॉयलर उडतो. डब्ल्यूजीला बॉयलरचा दाब 210 पौंड, म्हणजे चौरस इंचावर तेवढा. त्यामुळे फायरमनचा एक डोळा आगीवर, एक त्या काचेवर. शिशाचा प्लग जाणं म्हणजे चौकशी ठरलेली, त्यापेक्षा मोठी नाचक्की शेडमध्ये नाही.

मग मामाने आग कशी धरायची ते भाकरीच्या टोपलीसमोर बसून सगळ्यांना शिकवलं, ते इथे लिहितो कारण असं सांगणारे आता कमी राहिले. कोळसा एकदम ढीग नाही टाकायचा, थोडा थोडा, सारखा. मागचे दोन कोपरे जाड, मध्ये पातळ. फावडं नुसतं फेकायचं नाही, दाराच्या कडेला टेकवून मनगट वळवायचं म्हणजे कोळसा पसरतो. चिमणीतून काळाकुट्ट धूर निघतोय म्हणजे लोक म्हणतात काय जोरात चाललंय, फायरमनला माहीत असतं की कोळसा अर्धवट जळून वर चाललाय, शिव्या बसणार. हलका करडा धूर म्हणजे बरोबर. राखेचा कोळसा आला की खाली क्लिंकर धरतं, दगडासारखी पोळी, हवा बंद, वाफ उतरते, मग जाळी हलवा, लांब सळईने फोडा, तोंड भाजून घ्या. सेकंड फायरमन तिकडे टेंडरमध्ये ढेकळं फोडून पुढे ओढतोय. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत पंचेचाळीस असताना हे.

टेंडरचं पण तसंच. यांनी वर बारीक काळी खडी चिकटवलीय, सगळी एकसारखी, ॲक्वेरियममध्ये टाकतात तशी. खरा कोळसा ढेकळं, चुरा, माती, सगळं मिक्स. पाणी भरायचं झाकणच नाही! वॉटर कॉलमची, म्हणजे इंजिनात पाणी भरायच्या उंच नळाची, सोंड कुठे घालणार?

पण मामाने जी चूक काढली ती मला आयुष्यात दिसली नसती. त्याने इंजिन वरून बघितलं, दोन्हीकडचे रॉड एकदम. डावीकडचा रॉड खाली असेल तेव्हा उजवीकडचा पण खाली. असं नसतं. दोन बाजूंमध्ये पाव फेऱ्याचा फरक ठेवलेला असतो, म्हणजे एका बाजूचा पिस्टन टोकाला जाऊन अडला तरी दुसऱ्या बाजूचा मध्यावर असतो आणि ढकलतो. दोन्ही सारखे ठेवले तर इंजिन एकदा टोकाला थांबलं की हलणारच नाही. आणि म्हणूनच चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके ऐकू येतात, दोन बाजू, प्रत्येकीचे दोन. हे मॉडेल खरोखर वाफेवर चाललं असतं तर दोनच ठोके पडले असते, आणि तेही निघालं असतं तर.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या मॉडेलचा सगळा प्रॉब्लेम एकच आहे. हे प्लॅटफॉर्मवरून बघितलेलं इंजिन आहे, फुटप्लेटवरून, म्हणजे कॅबमध्ये फायरमन उभा राहतो तिथून, नाही. प्लॅटफॉर्मवरून एका वेळी एकच बाजू दिसते, ती यांनी अप्रतिम केलीय, दुसऱ्या बाजूचा हिशोब कोणी विचारणार नाही असं धरून. जिथे जिथे प्रवाशाची नजर जाते तिथे मेहनत आहे, जिथे माणसाचा हात लागायचा तिथे काळा रंग.

‘वापरलेलं’ फिनिश मी घेतलं नाही, पण त्यांच्या फोटोत बघितलं, तेही तसंच. सगळीकडे तांबडा गंज फवारलाय. शेवटच्या वर्षांतलं इंजिन गंजलेलं नसायचं हो, भंगारात उभं असलेलं गंजलेलं असतं. चालतं इंजिन तेलाने आणि काजळीने माखलेलं असतं, करडं-काळं, आणि वॉशआउट प्लगच्या (बॉयलर धुवायच्या भोकांच्या बुचांच्या) खाली, जॉइंटच्या खाली पांढरे ओघळ, कारण पाण्यातला क्षार गळून सुकतो. पूर्वी खलाशी कॉटन वेस्टने घासून पितळ चमकवायचे, नंतर कोणाला पडलेली नव्हती, इंजिन बाद होणार हे सगळ्यांना माहीत. एकाचा इंजेक्टर काढून दुसऱ्याला लावायचा, ज्याचा काढला ते शेडच्या मागच्या रुळावर. मामा म्हणतो शेवटी शेवटी तर आम्हाला एक पूर्ण इंजिन करायला दोन लागायची. ते पांढरे ओघळ यांनी केले असते तर मी हजार काय दोन हजार दिले असते.

एक मोजमापाची गोष्ट. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, 1:48 ला भागला तर 35 मिलिमीटर यायला पाहिजे. मी पट्टी लावली तर रूळ 32 चा. परदेशी मॉडेलचे तयार रूळ आणि चाकं 32 ची मिळतात, तीच वापरली असणार, खर्च वाचतो, समजू शकतो. पण समोरून बघितलं की इंजिनाने पाय जवळ घेतल्यासारखं वाटतं, आणि डब्ल्यूजीचा रुबाबच तो रुंदपणा आहे. बाजूने काही कळत नाही. पुन्हा तेच, प्लॅटफॉर्म.

कोणाला खरं बघायचंच असेल तर हे पैसे तिकिटात घाला. दिल्लीचं रेल्वे म्युझियम आहे, 1977 पासूनचं. रेवाडीचं जुनं स्टीम शेड आता हेरिटेज म्हणून ठेवलंय, शेर-ए-पंजाब तिथेच आहे, आणि डब्ल्यूपी अकबर पण. आपल्याला जवळ पाहिजे तर नागपूरचं मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम, रात्रीत पोचता. खान्देशात मात्र पाचोरा-जामनेर, आपली पीजे, तीही 2020 च्या लॉकडाऊनला थांबली ती परत आली नाही, आता तिथे ब्रॉडगेज करताहेत, आणि तिच्यावरची वाफ तर त्याच्या कधीच आधी संपलेली.

एवढं सगळं असून मी परत करणार नाही. धाकट्या भाच्याला त्या रॉडवरून पाव फेऱ्याची गोष्ट समजावता आली, म्हणजे ‘असं नसतं’ हे दाखवून. मामाने स्क्रू ड्रायव्हर मागितला होता एका बाजूची चाकं फिरवून बसवायला, पण ती एक्सलवर पक्की चिकटवलेली आहेत, जबरदस्तीने रेझिन तडकेल, कोणी प्रयत्न करू नका.

बनवणाऱ्यांनी वाचलं तर तीन गोष्टी करा, पट्टीवर ‘ब्रॉडगेजचं शेवटचं बनलेलं’ लिहा, एका बाजूचे रॉड पाव फेऱ्याने फिरवून चिकटवा, याला खर्च शून्य आहे, आणि कॅबमध्ये निदान दोन गेज ग्लास आणि उघडणारं फायरहोल द्या, भाव वाढला तरी चालेल. पुढच्या लॉटला वायजी काढणार असं म्हणतात. मीटरगेज 1:48 ला 21 च्या आसपास येतो, तिथे हे 32 चे रूळ चालणार नाहीत, म्हणजे चाकं नव्याने ओतावी लागतील. तेवढी तयारी दिसली तर ॲडव्हान्स देईन, त्याआधी नाही.